शब्दांवाचून उपासना : ख्रिस्ती वाद्यसंगीत आणि नाशिकचा वारसा

ख्रिस्ती उपासनेत संगीताला जे मानाचे स्थान मिळाले, ते प्रामुख्याने शब्दांना वाहून नेणारी शक्ती म्हणून मिळाले आणि म्हणूनच शब्द सोडून निव्वळ सुरांवर उभ्या राहिलेल्या संगीताकडे या परंपरेने आदराने, पण थोड्या सावधपणे पाहिले. भक्तिगीतांसाठी ख्यातनाम असलेला एखादा गायक-संगीतकार जेव्हा एकही शब्द नसलेला अल्बम काढतो, तेव्हा त्या सुरांत ख्रिस्ती असे नेमके काय उरते, हा प्रश्न श्रोत्यांपुढे आणि धर्मचिंतकांपुढे उभा राहतो. हा प्रश्न गेल्या अर्धशतकात अमेरिकेत वारंवार पुढे आला. परंतु त्याचे खरे मर्म उलगडते ते मराठी ख्रिस्ती संगीताच्या संदर्भात आणि विशेषतः नाशिकसारख्या शहरात, जेथे अभंग, कीर्तन, सनई आणि चर्चमधील पेटी यांचे सूर दीड शतकाहून अधिक काळ एकाच हवेत मिसळत आले आहेत.

‘समकालीन ख्रिस्ती संगीत’ या नावाने जो प्रकार ओळखला जातो, त्याचा उगम १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झालेल्या तरुणांच्या धार्मिक चळवळीत आहे. त्या तरुणांनी जुन्या गीतांच्या ऑर्गनऐवजी गिटार, ड्रम आणि रॉक संगीताची भाषा हाती घेतली; लॅरी नॉर्मन यांचा १९६९ सालचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम या प्रवाहाच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत गणला जातो. हे संगीत बाजारातील लोकप्रिय संगीतासारखेच ऐकू येई आणि त्याचे वेगळेपण शब्दांत असे. त्यामुळे शब्दच काढून घेतले तर वेगळेपणाचा मुख्य आधारच नाहीसा होतो, ही अडचण या प्रकाराच्या पायातच होती. तरीही फिल केगी या गिटारवादकाने १९७८ साली ‘द मास्टर अँड द म्युझिशियन’ हा संपूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम प्रसिद्ध केला. लहानपणी झालेल्या अपघातात केगी यांच्या उजव्या हाताचे मधले बोट अर्धे तुटलेले आहे आणि तरीही बोटांनी तारा छेडण्याच्या कलेत त्यांची गणना अग्रगण्य वादकांत होते. या अल्बमच्या नावातला ‘मास्टर’ म्हणजे प्रभू, आणि वादक हा त्याच्यापुढे बसलेला सेवक, एवढीच दिशा ते नाव देते. पुढचे सारे काम तारांवर सोपवलेले आहे.

या परंपरेतले बहुधा सर्वांत परिचित उदाहरण मायकेल डब्ल्यू. स्मिथ यांचे आहे. १९५७ साली वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेले स्मिथ हे मुळात पियानोवादक असून, एमी ग्रँट या गायिकेच्या वाद्यवृंदात ते कीबोर्ड वाजवीत असत आणि १९८३ पासून त्यांचे स्वतःचे अल्बम येऊ लागले. सुमारे सतरा वर्षे गायक म्हणून लोकप्रियता मिळवल्यानंतर नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी ‘फ्रीडम’ हा अल्बम दिला, ज्यात पियानो आणि मोठा वाद्यवृंद यांनी मिळून चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखा विस्तीर्ण नाद उभा केला आहे. पुढे २०११ साली ‘ग्लोरी’ हा त्याच जातीचा दुसरा अल्बम आला. ‘फ्रीडम’मधील रचनांची नावे लक्षपूर्वक पाहिली, तर शब्दांची जागा कोणी घेतली हे ध्यानात येते. एका रचनेचे नाव ‘अर्पण’ या अर्थाचे आहे, दुसरीचे ‘हाक’, तिसरीचे ‘हृदयाचा आक्रोश’. म्हणजे श्रोत्याला कोणत्या भावाने ऐकायचे हे शीर्षक सांगते आणि नंतर बाजूला होते. याच अल्बमात ‘थाय वर्ड’ ही धूनही आहे. हे मूळ गीत स्मिथ यांनी स्वरबद्ध केले, शब्द एमी ग्रँट यांनी लिहिले, त्याचा आधार बायबलमधील ११९ वे स्तोत्र आहे आणि १९८४ पासून ते इंग्रजी भाषक मंडळींत घरोघर गायले गेले. शब्दांना दिवा मानणारे हे गीत शब्दांवाचून वाजवले जाते, तेव्हा ऐकणारा मनातल्या मनात ते गातच असतो. अशा धुनेला खऱ्या अर्थाने निःशब्द म्हणता येत नाही. तिचे शब्द श्रोत्याच्या स्मरणात गेलेले असतात, इतकेच.

नेमकी हीच युक्ती जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी वापरली होती. ‘ऑर्गेलब्युखलाइन’ म्हणजे ‘ऑर्गनची छोटी वही’ या त्यांच्या संग्रहात सेहेचाळीस रचना आहेत आणि त्यांपैकी बहुतेक १७०८ ते १७१७ या काळात, वायमार येथे नोकरीस असताना लिहिलेल्या आहेत. प्रत्येक रचनेत ल्यूथरपंथीय मंडळीला तोंडपाठ असलेल्या एका गीताची चाल घेऊन तिच्याभोवती ऑर्गनच्या इतर स्वरांची वीण घातलेली आहे. चाल ऐकताच लोकांना कडवे आठवे, आणि त्या कडव्याचा अर्थ बाख भोवतालच्या स्वरांतून उलगडून दाखवीत. वाद्य येथे प्रवचनकाराचे काम करते, पण ते शक्य होते मंडळीच्या पाठांतरामुळे.

तथापि सगळीच मंडळी वाद्यांना इतक्या उदारपणे वागवीत नव्हती. बायबलमध्ये राजा शौल अस्वस्थ झाला की तरुण दावीद त्याच्यासमोर वीणा वाजवी आणि त्याला आराम पडे, अशी कथा आहे आणि तेथे गाण्याचा उल्लेख नाही, बरे वाटते ते वादनाने. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या, दीडशेव्या स्तोत्रात कर्णा, वीणा, डफ, बासरी आणि झांजा यांची यादीच दिलेली आहे. असे असूनही चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात अशी खंत व्यक्त केली की कधीकधी गीताच्या आशयापेक्षा सूरच मनाला अधिक हलवतो आणि तसे झाले की आपल्या हातून चूक घडल्यासारखे वाटते. त्याच ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील विवेचनात मात्र आनंद शब्दांत मावेनासा झाला की माणूस नुसत्या स्वराने देवाला आळवतो आणि ते योग्यच आहे, असे सांगितले. एकाच माणसाच्या लेखणीतून आलेल्या या दोन भूमिका पुढे अवघ्या ख्रिस्ती जगात विभागल्या गेल्या. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात धर्मसुधारक त्स्विंगली यांच्या प्रभावाखाली १५२७ मध्ये मुख्य चर्चमधला ऑर्गन काढून टाकण्यात आला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चची उपासना आजही बव्हंशी वाद्यांविना चालते. रोमन कॅथलिक चर्चने १९०३ साली पोपच्या आदेशाने पियानो, ढोल, झांजा अशी वाद्ये उपासनेतून वगळली होती, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने प्रत्येक देशाच्या स्वतःच्या संगीताला आणि वाद्यांना दार उघडले. महाराष्ट्रातील मराठी मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, तबला-पेटी सन्मानाने येऊन बसली ती या निर्णयाच्या बळावर.

नाशिकमध्ये या साऱ्याची मुळे प्रथम प्रॉटेस्टंट बाजूने रुजली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली, जिचे नाव आजच्या गजबजलेल्या शरणपूर रोडने जपले आहे. कॅथलिकांचा स्वतंत्र नाशिक धर्मप्रांत मात्र १९८७ साली, थॉमस भालेराव हे पहिले बिशप असताना, अस्तित्वात आला. मिशनऱ्यांनी सुरुवातीला इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर बसवली. मराठी शब्दांचे आघात, ऱ्हस्व-दीर्घ आणि यतिस्थाने त्या चालींत नीट बसत नसत, त्यामुळे ही गीते गाताना जीभ अडखळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाचा बाज ख्रिस्ती कथांसाठी वापरला आणि देशी चालींची गीते रचली, तेव्हा मराठी ख्रिस्ती संगीताला स्वतःचा आवाज सापडू लागला.

या आवाजाला काव्याची उंची दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले टिळक विद्यार्थिदशेत नाशिकला राहिले आणि संस्कृत शिकले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या तर नाशिकजवळच्या जलालपूरच्याच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अहमदनगरमध्ये राहून टिळकांनी अभंग, ओवी, साकी, दिंडी, पदे अशा सर्व परिचित घाटांत ख्रिस्ती गीते लिहिली, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते उघडपणे सांगत. १९१९ साली त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ओवीत पुढे नेले आणि आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकमध्ये काढली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

येथे पाश्चात्त्य आणि मराठी परंपरांतील एक मूलभूत फरक दिसतो, ज्याच्यावर या विषयाचा सारा भार आहे. पाश्चात्त्य गीतसंग्रहांत चालीला स्वतःचे नाव असते. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ ही १५५१ च्या जिनिव्हातील स्तोत्रसंग्रहातली चाल आहे, ‘नायसिया’ ही जॉन डाइक्स यांनी १८६१ मध्ये एका ठरावीक गीतासाठी बांधली. कधीकधी शब्द आणि चाल यांची गाठ फार उशिरा पडते : जॉन न्यूटन यांचे ‘अमेझिंग ग्रेस’ १७७९ साली छापले गेले, पण आज जगभर जी चाल त्याची म्हणून ओळखली जाते, ती ‘न्यू ब्रिटन’ नावाची चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली. एकदा गाठ पडली की मात्र ती चाल त्या गीताचीच होते आणि बॅगपाइपवर नुसती वाजवली तरी ऐकणाऱ्याला ती ख्रिस्ती वाटते. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत मात्र गीताच्या माथ्यावर बहुधा वृत्ताचे, रागाचे किंवा एखाद्या परिचित पदाच्या चालीचे नाव आढळते. चाल स्वतंत्र मालकीची नसते. ती वारकऱ्यांची, कीर्तनकारांची, जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांची, संगीत नाटकांची असते आणि ख्रिस्ती गीत त्या सामाईक पाणवठ्यावर आपली घागर भरून घेते.

याचा परिणाम उघड आहे. टिळकांचा एखादा अभंग बासरीवर वाजवला आणि शब्द गाळले, तर ज्या श्रोत्याला ते शब्द ठाऊक नाहीत, त्याच्या कानी पडते ती भजनाची चाल. तो श्रोता मनात विठ्ठलाला आणील, आणि त्याच्या शेजारी बसलेला चर्चमधला श्रोता ख्रिस्ताला. एकाच धुनेतून दोघांना आपापली भक्ती आठवावी, हा दोष मानण्याचे काही कारण नाही. उलट मराठी ख्रिस्ती संगीताचे सर्वांत मोठे धन तेच आहे, आणि ते ध्वनिमुद्रित रूपात आजवर जेवढे समोर यायला हवे होते तेवढे आलेले नाही, कारण या समाजाच्या ध्वनिमुद्रणांवर गाण्याचे, म्हणजे शब्दांचे, वर्चस्व राहिले आहे.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, हे पेटीच्या इतिहासावरून कळते. पायांनी भाता हलवायचा हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आला आणि लहान चर्चमधला स्वस्त, सुटसुटीत ऑर्गन म्हणून मिशनऱ्यांबरोबर भारतात पोहोचला. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गायकासाठी हाताने भाता ओढायची पेटी कोलकात्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तयार केली. संगीत नाटकाने पायपेटी उचलली, कीर्तनकारांनी हातपेटी, आणि काही दशकांतच हे वाद्य परक्या देशातून आले आहे याची आठवणही पुसली गेली. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीवर बंदी घातली, तरी भजनी मंडळांवर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही. म्हणजे भजनाची चाल चर्चमध्ये गेली आणि चर्चचे वाद्य भजनात आले.

मराठी मंडळीच्या रविवारच्या उपासनेत निःशब्द संगीताची जागा आजही आहे, परंतु ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लोक येऊन बाकांवर बसत असतात तेव्हा पेटीवादक एखादी चाल संथपणे आळवीत असतो. अर्पणाची थैली रांगांमधून फिरत असते तेव्हा, आणि प्रभुभोजनासाठी लोक वेदीपाशी गुडघे टेकतात तेव्हा, गाणे थांबून वादन चालू राहते. पेटीचा उजवा हात चाल धरतो, डावा हात भाता सांभाळतो, तबलजी ठेका मंद करतो किंवा हात आवरतो. प्रसंग पाळकाच्या इशाऱ्यावर चालत असल्यामुळे वादकाला कडवे कुठेही थांबवता यावे लागते, आणि म्हणून तो शब्दांच्या चौकटीतून सुटून धृपदाच्या पहिल्याच ओळीभोवती लहान लहान फिरत घेत राहतो. नकळत तो आलापाच्या वाटेवर जातो. आलाप म्हणजे ताल आणि गीत सुरू होण्यापूर्वी रागाचे स्वरूप हळूहळू उभे करणे. हिंदुस्थानी संगीताने निःशब्द उपासनेची ही रीत शतकानुशतके जपली आहे. ‘फ्रीडम’मधील ‘अर्पण’ या शीर्षकाच्या रचनेचे घराणे शोधायचे झाले, तर ते चर्चमधल्या याच काही मिनिटांत सापडते.

मराठी मुलखाच्या सीमेवर, गोव्यात, ख्रिस्ती संगीतकाराने रचलेल्या वाद्यसंगीताचे एक थोर उदाहरण आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जात असे. माजोर्डा गावच्या अशाच सांगीतिक घरात वाढलेले अँथनी गोन्साल्विस मुंबईत चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. १९५८ साली त्यांनी मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि राग सारंगावर आधारित कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यातील संवादरूप रचना, सादर केली. या रचनेवर धर्माची कोणतीही खूण नाही. तरीही चर्चच्या स्वरलेखनाने दिलेली शिस्त आणि रागाने दिलेला आशय एकत्र नांदू शकतात, हे तिने दाखवून दिले. लोकांनी त्यांचे नाव एका चित्रपटगीतापुरते लक्षात ठेवले, हा या थोर वादकावर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे.

नाशिकमधला एखादा ख्रिस्ती संगीतकार टिळकांच्या गीतांवर आधारलेला वाद्यसंगीताचा अल्बम करू पाहील, तर त्याला सोडवावा लागणारा पहिला पेच स्वरसंवादाचा आहे. पाश्चात्त्य पद्धतीत एका स्वराखाली इतर स्वर रचून कॉर्ड तयार होते आणि चाल पुढे सरकते तशी कॉर्ड बदलत जाते. रागसंगीतात मात्र प्रत्येक स्वर अचल षड्जाशी असलेल्या नात्याने अर्थ घेतो. अभंगाच्या चालीखाली कॉर्ड भराभर बदलत गेल्या, की कानाचा षड्ज हलतो आणि चालीतला करुण भाव पातळ होतो. कीबोर्डच्या तारवाद्यसदृश आवाजाने चाल वेढून टाकण्याची जी सवय अनेक भक्तिसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत दिसते, ती या कारणाने टाळलेली बरी. तंबोरा, बासरी किंवा व्हायोलिन, आणि भजनी ठेक्याचा तबला एवढ्या सामग्रीत हे काम उत्तम होऊ शकते, कारण आपल्याकडच्या वादकांना गायकी अंगाने, म्हणजे गळ्यातून निघणाऱ्या मींड-मुरकीसह, वाजवण्याचा मोठा सराव असतो. या परंपरेत वाद्य मुळातच गाणाऱ्याच्या जागी बसलेले असते.

दुसरा पेच रचनेचा आहे. एकामागून एक धुनी वाजवल्या तर त्यांचा संग्रह होतो, अल्बम होत नाही. १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांचा अल्बम या बाबतीत आदर्श म्हणावा असा आहे : काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस सकाळच्या रागापासून रात्रीच्या रागापर्यंत, संतूर, बासरी आणि गिटार यांच्या संवादातून, एकही शब्द न उच्चारता त्यात उभा राहतो. त्यामागे एच.एम.व्ही.त काम करणारे मराठी भावगीत गायक जी. एन. जोशी होते, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी. रागांच्या समयचक्राचा हाच आधार घेऊन येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा, गुरुवारच्या संध्याकाळच्या भोजनापासून रविवारच्या पहाटेपर्यंत, शब्दांवाचून सांगता येईल. संध्याकाळी मारवा, उत्तररात्री बागेतल्या प्रार्थनेसाठी सोहनी, आणि पुनरुत्थानाच्या पहाटेला भैरव किंवा ललत. या कथेला आपले राग किती सहजपणे सामावून घेतात, हे पाहून आश्चर्य वाटते.

नाशिकला अशा कामाची पार्श्वभूमीही आहे. गोदावरीच्या एका तीरावर पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम स्थापन केला होता, आणि ज्या पलुस्करांनी संगीत शिक्षणाला स्वरलिपीची जोड दिली, त्यांनी चाल शब्दांपासून वेगळी काढून कागदावर टिपण्याची सवय महाराष्ट्राला लावली. दुसऱ्या तीरावर शरणपूरच्या मंडळीत टिळकांची गीते गायली जात राहिली. टिळकांच्या निधनाला शंभराहून अधिक वर्षे लोटली असल्यामुळे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतच हक्क राखणाऱ्या भारतीय कायद्यानुसार त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांवर आज कोणाचीही मालकी नाही आणि ती कोणीही वाजवू शकतो.

उरतो तो एक निर्णय, जो संगीतकाराला अल्बम प्रसिद्ध करण्याच्या दिवशी घ्यावा लागेल : सोबतच्या पुस्तिकेत मूळ गीतांचे शब्द छापायचे की नाही. शब्द छापले, तर चर्चमधल्या श्रोत्याला बाखच्या मंडळीप्रमाणे मनात गाता येईल, पण बाहेरच्या श्रोत्याचे ऐकणे आधीच एका दिशेला वळेल. न छापले, तर चाल सर्वांची राहील, आणि टिळकांचे नाव मात्र गळून जाण्याचा धोका राहील. कवीचे नाव आणि गीताची पहिली ओळ तेवढी द्यावी, उरलेले कडवे ज्याला ठाऊक आहे त्याच्या ओठांवर आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या शोधावर सोडावे, हा मार्ग दोघांनाही न्याय देणारा ठरेल.